पन्हाळ्याचं नाव कुणाच्या नावावर?

१३ जून २००९, शनिवार. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजून एक मिनिट झालं आणि फेसबुकनं नावं वाटायला काढली. तोवर प्रत्येकाच्या पानाच्या पत्त्यात आकड्यांची लांबलचक माळ असायची. आता त्या जागी स्वतःचं नाव लावता येणार होतं. नियम एकच, जो आधी येईल त्याचं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा मध्यरात्र नुकतीच उलटली होती आणि लोक पडद्यासमोर टपून बसले होते. पहिल्या पंधरा मिनिटांत पाच लाख नावं गेली.

पन्हाळ्यावर त्या सकाळी हे कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. आपली पोरं तेव्हा ऑर्कुटवर एकमेकांना स्क्रॅप पाठवत होती, तेही बहुधा कोल्हापुरातल्या नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून. भारतात फेसबुक ऑर्कुटच्या पुढं गेलं २०१० साली. गडावरच्या आणि पायथ्याच्या घराघरांत परवडणारं इंटरनेट आलं ते त्याहून उशिरा, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं त्यानंतर. तोवर वाटप होऊन सात वर्षं लोटली होती.

गावच्या नळावर आधी येणाऱ्याची घागर आधी भरते आणि त्यावर कुणाची तक्रार नसते, कारण सगळे एकाच गावातून चालत येतात. इथं दवंडी एका गावात पिटली आणि पाणी साऱ्या जगाचं वाटलं. याला मी न्याय म्हणणार नाही.

कंपनीला यातली गोम कळत नव्हती, असंही नाही. नावांची साठेबाजी होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ९ जूननंतर उघडलेल्या खात्यांना त्या रात्रीच्या वाटपातून बाहेर ठेवलं. ट्रेडमार्कवाल्या कंपन्यांसाठी आधीच एक अर्ज ठेवला, की आमचं नाव कुणाला देऊ नका. गावासाठी अर्ज नव्हता. किल्ल्यासाठी नव्हता. देवस्थानासाठी नव्हता. ज्याच्याकडे वकील होता त्याचं नाव राखलं गेलं, आणि ज्याच्याकडे आठशे वर्षांहून जुना इतिहास होता त्याचं नाव उघड्यावर पडलं.

त्याचा परिणाम आज कुणालाही दिसेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या पाटलाच्या पोराला इन्स्टाग्रामवर स्वतःचं नाव टाकायला सांगा. नाव उपलब्ध नाही. आडनाव आधी टाकून बघतो. नाही. मग नावामागे 'एमएच झिरो नाइन' लागतं, गाडीच्या नंबरप्लेटवरचं. मग 'रॉयल', मग 'किंग', मग 'सरकार', मग दोन अंडरस्कोर आणि जन्माचं साल. या पोरांना लोक हसतात, त्यांच्या आयडीवर विनोद करतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्यानं बापानं ठेवलेलं नाव मागितलं होतं. ते दुसऱ्या कुणीतरी घेऊन ठेवलंय आणि बहुतेक वेळा ते खातं वर्षानुवर्षं उघडलेलंही नाही. 'एमएच झिरो नाइन' लावून त्यानं निदान आपण कुठले, एवढं तरी सांगितलं.

युजरनेमला एवढं महत्त्व कशाला, असं विचारणारे असतात. नावात काय आहे, म्हणतात. खात्यावर दिसणारं नाव हजार जणांचं सारखं असू शकतं. फोटोही सारखा लावता येतो, कुणाचाही. एकाचंच असतं ते फक्त युजरनेम. तुम्ही तुम्हीच आहात, याची त्या अख्ख्या पानावर तेवढीच एक खूण असते. बाकी सगळं उचलता येतं.

आणि लोक उचलतात. 'माझं अकाऊंट हॅक झालंय, कुणी पैसे मागितले तर देऊ नका' हे स्टेटस आपण सगळ्यांनी वाचलंय. बहुतेक वेळा ते हॅक झालेलं नसतंच. पासवर्ड चोरायची गरजच पडत नाही. भामटा तुमच्या पानावर येतो, फोटो उतरवून घेतो, तेच नाव लावतो, युजरनेममध्ये एक टिंब किंवा एक आकडा जास्तीचा टाकतो आणि तुमच्या मित्रयादीतल्या प्रत्येकाला विनंती पाठवतो. दोन दिवसांनी निरोप जातो: दवाखान्यात आहे, लगेच दहा हजार टाक, संध्याकाळी परत करतो. अधिकाऱ्यांच्या नावानं दुसरा प्रकार चालतो: माझ्या सीआरपीएफमधल्या मित्राची बदली झालीय, फर्निचर स्वस्तात काढायचंय, आगाऊ रक्कम पाठवा. जिल्हाधिकाऱ्यांपासून पोलीस अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांच्या नावानं हे निरोप गेले आहेत. माणूस पैसे टाकतो तो नाव बघून. त्या नावाला त्याच्या मनात काहीतरी किंमत असते, आणि नेमकी तीच किंमत भामटा वटवतो.

दुसऱ्याचं नाव घेणं म्हणजे काय, हे पन्हाळ्याइतकं कुणाला कळावं?

१६६० सालच्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा गडाभोवती आवळला होता. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन मदतीला आले होते. पावसाळा लागला तरी वेढा ढिला पडेना. आषाढातल्या त्या रात्री, १२ जुलैला, शिवाजी महाराज सुमारे सहाशे माणसं घेऊन विशाळगडाच्या वाटेला लागले आणि दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात शिवा काशीद बसला. पायथ्याच्या नेबापूरचा, नाभिक समाजातला माणूस. पालखी पकडली गेली. शिवाजी सापडला या आनंदात शत्रूचे काही मोलाचे तास गेले. ओळख पटल्यावर शिवा काशीद मारला गेला. पुढं घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल लढले ते सगळ्यांना माहीत असतं. त्या लढाईला लागणारा वेळ आधी या माणसानं मिळवून दिला होता. नेबापुरात त्याची समाधी आहे, गडावर पुतळा आहे. पर्यटक बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो काढतात आणि पुढं जातात. त्यांनी या दुसऱ्या पुतळ्यापाशीही थांबावं, असं मला कळकळीनं वाटतं.

त्यानं एक रात्र दुसऱ्याचं नाव धारण केलं, त्या नावाच्या धन्यासाठी, धन्याच्या संमतीनं, आणि त्या नावावर येणारा घाव स्वतःच्या अंगावर घेतला. आजच्या बनावट खात्यामागे बसलेला माणूस नाव दुसऱ्याचं वापरतो, पैसा आपल्या खात्यात वळवतो आणि बदनामी ज्याचं नाव त्याच्या दारात ठेवून जातो. या दोघांसाठी एकच 'तोतया' हा शब्द वापरायची माझी तयारी नाही.

खरा तोतया मराठी माणसाला वेगळा माहीत आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढं काही वर्षांनी 'मीच भाऊसाहेब' म्हणत एक जण उभा राहिला. सुखनिधान त्याचं नाव. पकडून त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवलं होतं. १७७६ मध्ये तो सुटला आणि कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती आले. लढून आले नाहीत, नावाच्या जोरावर आले. लोकांना भाऊसाहेब परत यायला हवे होते, म्हणून त्यांनी मानलं. पुणे दरबारानं पंच बसवले, ओळखीची माणसं समोर उभी केली, खुणा विचारल्या आणि वर्षअखेर त्याला देहदंड झाला. त्या शिक्षेची मला भलामण करायची नाही. पण शहानिशा झाली ती कशी, ते बघा. ज्यांनी खऱ्या माणसाला पाहिलं होतं त्यांना विचारून झाली. आज तुमच्या नावाचा तोतया उभा राहिला तर शहानिशा करतं एक यंत्र. ते चार-दोन तासांत उत्तर देतं की या खात्यानं आमच्या नियमांचा भंग केलेला नाही. त्या यंत्राला तुमची आई भेटलेली नसते, की तुमचा शेजारी.

जुन्या काळी कागदाचीही शहानिशा व्हायची. कोल्हापूरच्या छत्रपतींची गादी दीर्घकाळ पन्हाळ्यावर होती, १७८२ मध्ये राजधानी खाली कोल्हापुरात आली. त्या कारभारातला कागद डोक्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब असल्याशिवाय खरा मानत नसत. वरचा शिक्का सांगायचा की कागद कुणाचा. खालचं मोर्तब सांगायचं की मजकूर इथं संपला, याखाली कुणी ओळ घुसडली तर ती खोटी. ही साधी आणि पक्की व्यवस्था होती. शिक्का धन्याच्या विश्वासातल्या माणसाच्या ताब्यात असायचा आणि तो विकत मिळत नसे.

आता मिळतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरनं निळी खूण महिना आठ डॉलरला विकायला काढली. काही दिवसांतच एली लिली या औषध कंपनीच्या नावाचं बनावट खातं निळ्या खुणेसह उभं राहिलं आणि इन्सुलिन यापुढं मोफत, असं जाहीर करून मोकळं झालं. मधुमेहाच्या रोग्यांनी ते वाचलं. कंपनीला माफी मागून खुलासा करावा लागला. जून २०२३ मध्ये फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मेटा कंपनीनं भारतात महिना ६९९ रुपयांची योजना आणली. पैसे भरा, खूण घ्या, आणि तोतयांपासून संरक्षणही घ्या, म्हणजे माझ्या नावाची राखण करायला मीच दरमहा ६९९ भरायचे. न भरणाऱ्याच्या नावाची राखण कुणी करायची? झुणका-भाकरीच्या गाडीवर दिवसाला किती सुटतात आणि त्यातून महिन्याला ६९९ काढणं म्हणजे काय, हे कंपनीच्या कुणी माणसानं गडाच्या तीन दरवाज्यापाशी येऊन विचारावं.

त्याच गाडीवर मात्र एक गोष्ट बघण्यासारखी आहे. तिथं यूपीआयचा क्यूआर चिकटवलेला असतो. तुम्ही स्कॅन करता आणि पैसे जाण्याआधी फोनवर नाव येतं. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नियमाप्रमाणे ३० जून २०२५ पासून तिथं बँकेच्या दफ्तरी असलेलं नावच दिसलं पाहिजे. फोनमध्ये कुणी काय टोपणनाव घालून ठेवलंय, ते चालत नाही. त्या बाईंचं खरं नाव, बँकेनं कागदपत्रं बघून नोंदवलेलं, तीस रुपयांच्या व्यवहारालाही दिसतं. त्यासाठी त्यांना वेगळा पैसा पडत नाही. तीस रुपयांच्या भाकरीला ही काळजी घेता येते, तर कोट्यवधी लोकांची खाती चालवणाऱ्या कंपन्यांना का घेता येत नाही? तंत्र नसतं तर मी गप्प बसलो असतो. तंत्र आहे. इच्छा नाही, कारण खोटं खातंही मोजणीत एक खातं धरलं जातं.

सगळ्यांनी आधार कार्ड चढवून मगच बोलावं, असं मात्र मी म्हणत नाही. टोपणनावाची आपली परंपरा मोठी आहे. मोरोपंत पराडकरांचा जन्म याच पन्हाळ्यावरचा, १७२९ चा; कवितेत ते स्वतःला मयूर म्हणवीत. टोपणनाव घेणारा स्वतःचं दुसरं नाव घेतो, शेजाऱ्याचं उचलत नाही. ज्याला नोकरीच्या, घरच्या, जातीच्या धाकामुळं स्वतःच्या नावानं बोलता येत नाही, त्याला आडनाव लपवायची मुभा असलीच पाहिजे. माझा राग आहे तो दुसऱ्याचं नाव लावणाऱ्यावर.

आता गडाच्या नावाकडे येतो, कारण मला खरी काळजी तिथं आहे.

११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेश जागतिक वारसा यादीत घेतले. बारा किल्ले, त्यांत पन्हाळा. आता जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस फोनवर पन्हाळा शोधणार. त्याला काय मिळणार? पन्हाळा या नावाची, त्यामागे 'ऑफिशियल' लावलेली, 'फोर्ट' लावलेली, 'टुरिझम' लावलेली पानं. कुणाचं आहे ते पान, हे त्यावर लिहिलेलं नसतं. एखादं मनापासून चालवलेलं असतं. गडावरच्या एखाद्या तरुणानं पहाटे उठून सज्जाकोठीवरचं धुकं टिपलेलं असतं, अंबरखान्याच्या कोठारांचा नीट इतिहास लिहिलेला असतो. त्याच्याबद्दल मला आदर आहे. दुसरं पान नुसतं फॉलोअर जमवायला काढलेलं असतं, आणि हजारांची संख्या जमली की पान विकलं जातं. पानाचं नाव तेच राहतं, मालक बदलतो. काल तिथं पुसाटी बुरुजाचा सूर्यास्त होता, आज तिथं खोलीचं बुकिंग आणि आगाऊ रकमेसाठी मोबाईल नंबर असतो. भक्तनिवासांच्या आणि रिसॉर्टच्या नावानं बनावट पानं काढून यात्रेकरूंना लुबाडणं हा आता देशभर चाललेला धंदा आहे. ज्या ठिकाणी गर्दी वाढते तिथं तो पोचतो. पन्हाळ्यावर गर्दी वाढणार आहे.

पन्हाळा हे नाव रोमन लिपीत एकाच तऱ्हेनं लिहिता येत नाही, ही आणखी एक अडचण. ळ ला तिथं स्वतःचं अक्षर नाही. कुणी एक एल लावतो, कुणी दोन, कुणी एच गाळतो, कुणी शेवटचा ए दुप्पट करतो. एका गडाची चार नावं होतात आणि चार वेगवेगळे लोक ती घेऊन बसू शकतात. देवनागरीत हा प्रश्न उद्भवलाच नसता. पण फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स यांपैकी कुणीही देवनागरीत युजरनेम घेऊ देत नाही. वर दिसणारं नाव मराठीत लिहा, म्हणतात. पत्ता मात्र रोमनमध्येच. ऑगस्ट २०१४ मध्ये भारत सरकारनं देवनागरीतलं 'डॉट भारत' हे डोमेन सुरू केलं, आणि ज्या आठ भाषांसाठी ते खुलं झालं त्यांत मराठी होती. म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता मराठीत असू शकतो, युजरनेम असू शकत नाही. दिसायला सारखी अक्षरं वापरून फसवणूक होईल, अशी सबब सांगतात. रोमनमधला लहान एल आणि एकाचा आकडा कुठं वेगळे दिसतात? मिसळलेल्या लिप्या ओळखून अडवण्याचे नियम युनिकोडनं केव्हाच तयार करून ठेवलेत. एका नावात एकच लिपी, एवढी अट घातली तरी बहुतेक फसवणूक थांबेल.

गावाचं नाव ही सगळ्यांची मिळकत असते, हे कायद्याला मुळीच नवं नाही. १९५० चा बोधचिन्हे आणि नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे. केंद्राच्या परवानगीशिवाय ते धंद्यासाठी वापरता येत नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये ते मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या कारागिरांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या मंचावर तशा चपला दाखवल्या आणि नाव घेतलं नाही, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रानं आवाज उठवला. कंपनीला चपलेचा मूळ पत्ता कबूल करावा लागला. चपलेच्या नावासाठी आपण एवढे जागे झालो, ते योग्यच झालं. गडाच्या नावासाठी कोण जागं आहे?

वेबपत्त्यांच्या जगात तर नावं राखून ठेवण्याची रीत केव्हाची आहे. 'गव्ह डॉट इन' हा पत्ता सरकारी संस्थेलाच मिळतो. बँकांना रिझर्व्ह बँकेनं 'बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला लावलं, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत घालून, कारण बँकेच्या नावाची बनावट संकेतस्थळं थांबत नव्हती. २०११ मध्ये अरुण जेटलींच्या नावाचं डोमेन कुणीतरी अडकवून ठेवलं होतं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की माणसाचा स्वतःच्या नावावर हक्क असतो. तो खटला लढणारे स्वतः देशातले नामांकित वकील होते. पन्हाळ्यावरचा घोडेवाला दिल्लीला जाणार नाही.

सगळ्या सामाजिक माध्यमांना एवढंच सांगायचं: राज्यानं अधिसूचित केलेली गावं, तालुके, संरक्षित किल्ले आणि नोंदणीकृत देवस्थानं यांची यादी घ्या. ही नावं, त्यांच्या प्रचलित रोमन रूपांसह, त्या त्या स्थानिक संस्थेसाठी राखा. आज ज्याच्याकडे आहेत त्याला नोटीस द्या, त्याचे फॉलोअर आणि जुना मजकूर दुसऱ्या नावावर हलवायची सोय द्या, त्याच्या मेहनतीचा अपमान करू नका. हे अशक्य आहे, असं कुणी सांगू नये. जुलै २०२३ मध्ये ट्विटरचं नाव एक्स झालं, तेव्हा एक्स हे एका अक्षराचं युजरनेम सॅन फ्रान्सिस्कोच्या एका छायाचित्रकाराकडे होतं, २००७ पासून. कंपनीनं ते एका रात्रीत काढून घेतलं. मोबदला म्हणून कार्यालय बघायचं आमंत्रण आणि कंपनीच्या खुणेचं सामान देऊ केलं. स्वतःला नाव हवं होतं तेव्हा 'जो आधी येईल त्याचं' हा नियम एका रात्रीत वितळला. तो नियम गावांसाठीही वितळू शकतो, आणि थोड्या सभ्यतेनं.

या प्रसंगातून आपल्यालाही एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. युजरनेम तुमच्या मालकीचं कधीच नसतं. ते तुम्हाला वापरायला दिलेलं असतं. अटी मान्य करताना आपण तसं कबूल केलेलं असतं. म्हणून दुकान, खानावळ, होमस्टे, वाचनालय, मंडळ, जे काही चालवत असाल, त्याचा सगळा संसार एका इन्स्टाच्या आयडीवर टाकू नका. स्वतःचं डोमेन घ्या, वर्षाला हजार-बाराशे रुपये लागतात. ते निदान तुमच्या नावावर नोंदलं जातं.

आणि युजरनेम जरूर घ्या. जे वापरणार नाही त्या माध्यमावरही घ्या, म्हणजे दुसऱ्याला तुमच्या नावानं तिथं बसता येणार नाही. त्यात जन्मसाल घालू नका, मोबाईलचे आकडे घालू नका. तेवढ्यावरही पुढची चोरी उभी राहते. मराठी माणसाकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव असा चार पदरी ऐवज आहे, त्यातून वेगळं नाव निघतंच. दुहेरी पडताळणी चालू करा. आणि जुना मोबाईल नंबर बंद केला असेल तर तो खात्यावरून आधी काढा, कारण बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो आणि ओटीपी मग त्याच्या हातात पडतो.

तोतया सापडला तर आधी बातमी फोडू नका, आधी पुरावा राखा. त्या खात्याच्या पत्त्यासह स्क्रीनशॉट घ्या, मग माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहून पाठवा. २०२१ च्या नियमांप्रमाणे तोतयेगिरीची तक्रार आली की ठरावीक तासांत कारवाई करणं माध्यमावर बंधनकारक आहे. हे फार कमी लोकांना माहीत आहे, आणि माध्यमं ते आपणहून सांगत नाहीत. दाद लागली नाही तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत अपील करता येतं. पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन करा, मिनिटं मोलाची असतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. एवढं सगळं आहे ते माणसासाठी. गावाच्या नावाचा तोतया उभा राहिला तर तक्रार कुणी करायची आणि ते तास कुणाचे मोजायचे, हे त्या नियमांत लिहिलेलं नाही.

म्हणून कंपन्यांची आणि दिल्लीची वाट बघत बसण्याआधी आपल्या घरचं काम आधी. गावोगावच्या सरकारी पानांची कुळकथा सारखीच असते. कुणातरी उत्साही सदस्याच्या मोबाईलवरून, त्याच्या खासगी ईमेलवरून पान उघडलं जातं. मुदत संपते, माणूस घरी जातो, पासवर्ड त्याच्यासोबत जातो. नवी मंडळी नवं पान काढतात. जुनं पान तसंच राहतं, कधी त्यावर एखाद्या उमेदवाराचा वाढदिवस झळकतो. शाळांचं तेच, वाचनालयांचं तेच. कार्यालयातली खुर्ची आणि कपाट डेड स्टॉक रजिस्टरला लागतं, त्याचा चार्ज सही करून दिला-घेतला जातो; ज्या नावावर गाव जगाशी बोलतं ते मात्र कुठल्याच रजिस्टरला नसतं.

पन्हाळा नगरपरिषदेनं पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव घ्यावा. गडाच्या आणि परिषदेच्या नावाची सर्व युजरनेम, त्यांचे ईमेल आणि नोंदणीचा मोबाईल क्रमांक परिषदेच्या नावावर असावेत; ते जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत चढवावेत; मुख्याधिकारी बदलले की त्यांचा चार्ज लेखी द्यावा-घ्यावा; आणि गडावरच्या प्रत्येक प्रवेशमार्गावर, पार्किंगच्या पावतीवर, परिषदेचं खरं पान कोणतं ते क्यूआरसह मराठीत छापावं. सभेपुढे विषय मांडायला एक सदस्य आणि अनुमोदन द्यायला दुसरा, एवढीच माणसं लागतात.